नकोसा जोडीदार

मडावीचा मी द्वेष करत होते, हे आधी ठणकावून सांगते. सरकारी कागदात नेमकं उलटं लिहिलंय, आणि त्या कागदाखाली मला सही करावी लागली आहे.

मी सारिका विरकर, गाव म्हसवड. अणुरक्षा दलात चौदा वर्षं काढली, त्यातली शेवटची पाच हेड कॉन्स्टेबल म्हणून. देशाचा अणुबॉम्बचा माल जिथं ठेवलेला असतो तिथं पहारा देणं हे आमचं काम. ते पठार कुठं आहे हे सांगायची परवानगी नाही, आणि असती तरी मी सांगितलं नसतं. तुम्हाला काय करायचंय?

कोठारात एकट्या माणसाला पाय ठेवता येत नाही. जायचं तर दोघांनी आणि बाहेर पडायचं तेही दोघांनी. आत जमिनीवर दोन पिवळ्या चौकटी आखलेल्या आहेत, मध्ये चार मीटर अंतर. एकानं प्लुटोनियमचा डबा उघडून आतलं सील तपासायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या हातांवरची नजर काढायची नाही. जोडीदार पाच सेकंदांपेक्षा जास्त नजरेआड झाला किंवा त्यानं पाठ फिरवली की भिंतीवरचं लाल बटण दाबायचं. एक माणूस फितूर होऊ शकतो, एखाद्याचं डोकं फिरू शकतं. पण दोघांचं एकाच दिवशी फिरणार नाही, असा त्यामागचा विचार. जगभर हीच रीत आहे.

पण दोघं एक झाले तर? वर्षानुवर्षं एकत्र पहारा देणारी माणसं एका डब्यात जेवतात, एकमेकांच्या पोरांच्या बारशाला जातात. मग एक म्हणतो, "जरा तिकडं बघ की," आणि दुसरा बघतो. तिथं नियम मेलाच म्हणायचा. यावर आठेक वर्षांपूर्वी आमच्या शास्त्रज्ञांनी उपाय काढला.

ते समजायला अवघड नाही. दोन माणसांचा एकमेकांवर जीव जडला की त्यांची शरीरं नकळत एका ठेक्यात चालायला लागतात. एकाचा श्वास लांबला की दुसऱ्याचा लांबतो. एकाच्या छातीचे ठोके वाढले की पाठोपाठ दुसऱ्याचे वाढतात. आई आणि तान्हं मूल, एकत्र भजन म्हणणारी मंडळी, जुनी नवरा-बायको, सगळ्यांच्यात हे मोजून झालं होतं. आमच्या लोकांनी कोठाराच्या भिंतीत बारीक रडार बसवले. अंगाला तार नाही, पट्टा नाही. छाती किती हलली, मानेची शीर किती उडाली, पापणी कधी लवली, हे सगळं भिंत टिपते आणि दोघांची लय किती जुळतेय त्याचा शून्य ते शंभर असा आकडा काढते. त्या आकड्याला म्हणायचं मेळांक. पंचेचाळीसच्या वर गेला की जोडी फुटली. एक जण देशाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आणि आकडा चढलेला असताना नियम मोडला, तर दोघं सामील होती असंच धरतात.

हे यंत्र आल्यावर दलात एक नवाच प्रकार सुरू झाला. दरवर्षी जूनमध्ये एक कागद भरून घेतात, त्याचं नाव 'नकोसा जोडीदार'. दलातली कोणती तीन माणसं तुमच्या डोळ्यांसमोर नकोत, त्यांची नावं लिहायची. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, वा, सरकारला आमची काळजी! भडाभडा नावं लिहिली. पुढच्या महिन्यात याद्या लागल्या तर ज्याचं नाव लिहिलं त्याच्याशीच जोडी. बाहेर लोक जुळणाऱ्या पत्रिका शोधतात, आमच्याकडे न जुळणाऱ्या. ज्या जोडीत रोज भांडण होतं तिला शाबासकी आणि जी हसताना दिसली तिच्यावर डोळा. कॅन्टीनमध्ये माणसं पाठीला पाठ लावून जेवायला लागली. चौदा वर्षांत मी नऊ जोडीदार पाहिले, त्यातल्या एकाच्याही बायकोचं नाव मला ठाऊक नाही.

गेल्या जूनमध्ये मी तीन रकान्यांत तीनदा एकच नाव लिहिलं. दुर्योधन मडावी.

आईबापांनी ओळखून नाव ठेवलं होतं म्हणायचं. तो गडचिरोलीकडचा, पंचेचाळिशीचा, काटकुळा, कडक इस्त्रीचा. सहा वर्षांपूर्वी तो माझ्या धाकट्या भावाचा, हर्षदचा, जोडीदार होता. तेव्हा यंत्र नवं होतं, आकड्याची कुणी फिकीर करत नव्हतं. दोघांची इतकी गट्टी की मडावी सुट्टीवरून येताना मोहाचे लाडू आणायचा तर अर्धे हर्षदचे असायचे.

मग तो दिवस आला. हर्षद डब्याचं सील तपासत होता आणि मडावीनं अडतीस सेकंद पाठ फिरवली. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं. कोठारात आवाज टिपत नाहीत, कारण कुलपाचे आकडे तोंडानं बोलावे लागतात. चौकशीच्या कागदावर प्रश्न असतो: 'जोडीदाराने तुम्हाला पाठ फिरवायला सांगितले काय?' मडावीनं 'होय'वर खूण केली. मेळांक एकसष्ट निघाला. हर्षद बडतर्फ झाला. ठरलेलं लग्न मोडलं ते वेगळंच.

हर्षद म्हणत होता, "ताई, मी काही सांगितलं नाही. त्याचा बाप आठ दिवसांपूर्वी गेला होता. तो रडत होता गं. मी बघू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मी बटण दाबलं नाही, रडू दिलं त्याला."

मडावी आणि रडणार? मी त्या माणसाला ओळखत होते. आईमागं मी वाढवलेल्या, मीच दलात भरती केलेल्या त्या पोराला मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हर्षद, कबूल कर. माफी माग, एखाद्या वेळेस नोकरी वाचेल."

"तू पण?" तो एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर फोन नाही, दिवाळी नाही, काही नाही.

म्हणून मला मडावी जोडीला हवा होता. त्याला एकदा, फक्त एकदा, चुकताना पकडायचं. तो धुतल्या तांदळासारखा नाही एवढं सिद्ध झालं की हर्षदची फाईल पुन्हा उघडेल, तो घरी येईल, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

पहिल्या दिवशी आमचा मेळांक सात आला. दलातला सगळ्यात कमी. आमच्या कमांडंट ताम्हाणे मॅडमनी परेडमध्ये आमचं कौतुक केलं.

"विरकरबाई," मडावी कोठारात म्हणाला, "माह्या तोंडाकडं काय पाहून राहिल्या?"

"हातांकडं बघतेय. नियम आहे."

"हात खाली हायत."

"मला ठाऊक आहे तुमचे हात कुठं असतात ते. सहा वर्षांपूर्वी एका कागदावर होते."

"जसा भाऊ तशीच बहीण," तो म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आठ महिने मी त्याच्यावर टपून होते. तो श्वास कधी घेतो, खांदा कधी सैल सोडतो, डबा उचलण्याआधी कसा थांबतो, सगळं मला पाठ झालं. त्याची पापणी जड झाली की मला कळायचं. तो चुकत नव्हता. एवढा कडक माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि त्यामुळे मला तो जास्तच खुपायचा. तोही माझ्यावर डोळा ठेवून होता. का? त्याला माझ्या मनातलं कळत होतं म्हणून.

आणि आकडा चढत गेला. बारा, एकोणीस, एकतीस. फेब्रुवारीत ताम्हाणे मॅडमनी बोलावलं. बाई हुशार, तोंडानं गोड, पण कागदाबाहेर पाऊल टाकणार नाही.

"विरकर, सेहेचाळीस झाला. मंगळवारच्या आढाव्यात जोडी फोडावी लागेल. अभिनंदन म्हणू की काय म्हणू?"

"मॅडम, मला त्या माणसाचं तोंड बघवत नाही."

"यंत्र तसं म्हणत नाही." त्यांनी पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या, त्याची निळी, माझी लाल. निळी वर गेली की लाल तिच्या मागोमाग वर. "तुमचं काळीज त्याच्या काळजामागं पळतंय. खाजगी गोष्टीत मी पडत नाही, पण वसाहतीत चर्चा आहे."

मला काय वाटलं ते सांगू? त्या पडद्यावर खुर्ची फेकून मारावी असं वाटलं. मांजर उंदरावर नजर लावून बसतं तेव्हा त्याचाही श्वास उंदराबरोबर अडतो. म्हणून काय ते उंदराच्या प्रेमात असतं? यंत्राला माया कळत नाही की वैर कळत नाही, एकाचं ध्यान दुसऱ्यावर किती लागलंय तेवढंच कळतं. पण हे एका हेड कॉन्स्टेबलनं सांगून कोण ऐकणार?

शनिवारी दुपारी फोन वाजला. सहा वर्षांनी हर्षदचा आवाज.

"अभिनंदन, ताई."

"हर्षद! अरे कसा आहेस? कुठं..."

"मडावीबरोबर सेहेचाळीस आकडा आलाय म्हणे. इथं आटपाडीपर्यंत बातमी आली. आमचा एकसष्ट होता, तुम्ही मागं टाकाल."

"अरे ऐक, मी त्याला पकडायला..."

"लाज वाटत नाही? माझं वाटोळं केलं त्यानं, आणि तू त्याच्या गळ्यात पडतेस?"

त्यानं फोन आपटला. मी परत लावला, लागला नाही. मी पलंगावर बसून ढसाढसा रडले, आणि रडून झाल्यावर ठरवलं. मंगळवारी जोडी फुटणार, म्हणजे माझ्याकडे सोमवारचीच पाळी उरली होती.

बेत साधा होता. मडावी डबा उघडेल तेव्हा आपण खांबाआड जायचं. तिथं कॅमेरा पोचत नाही. त्यानं पाच सेकंदांत बटण दाबलं तर म्हणायचं, चक्कर आली. आजारपणाची सूट असते. आणि सहावं सेकंद लागलं तर मडावी अडकला. त्याची चूक यंत्राच्या नोंदीत कायमची राहील.

सोमवारी सकाळी दहाला आम्ही आत गेलो. मडावीनं डब्याचं झाकण काढलं, आत हात घालणार तेवढ्यात मी खांबाआड झाले. छाती अशी उडत होती की मला बाकी काही ऐकू येईना.

एक. दोन. तीन. चार. पाच.

भोंगा वाजला नाही. सहा. सात. मग मला त्याचा आवाज आला. तो मोठ्यानं मोजत होता. "आठ. नऊ. दहा." मी डोकावून पाहिलं. मडावी डब्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभा होता. डबा उघडा पडलेला. देशाच्या अणुमालावर त्या क्षणी कुणाचीच नजर नव्हती. वीसपर्यंत त्यानं मोजलं, तेव्हा कुठं माझे पाय हलले आणि मी चौकटीत आले.

"झालं समाधान?" तो भिंतीकडेच बघत म्हणाला.

"बटण का नाही दाबलं?"

"दाबलं असतं तर तुमची वर्दी उतरली असती. चकरेचं सोंग डाक्टर एका मिनिटात पकडते." मग वळून माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "एका घरातली दोन माणसं मी नाई घालवणार, बाई."

त्याच क्षणी भिंतीवरचा दिवा लाल झाला आणि दारं आपोआप बंद झाली. मेळांक शहाऐंशी. आमची दोघांची काळजं त्या वीस सेकंदांत एकाच वेगानं धडधडली होती, आणि भिंतीनं ती ऐकली होती.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. समोर तोच कागद आला. 'जोडीदाराने तुम्हाला नियम मोडण्यास सांगितले काय? होय / नाही.' नियम दलातल्या पोराटोरांनाही पाठ आहे: आकडा चढलेला असेल तर जो 'होय' म्हणतो तो साक्षीदार, आणि उरतो तो आरोपी. 'होय'वर एक रेघ मारली की माझी चौदा वर्षं वाचत होती, आणि मडावी तसाच जात होता जसा माझा भाऊ गेला. मी आठ महिने दुसरं काय मागत होते?

पण मला तो भिंतीकडे तोंड करून उभा दिसत होता. त्याला बटण दाबता आलं असतं. त्यानं दाबलं नव्हतं. इतका सरळ माणूस खोटी खूण कशी करेल? म्हणजे सहा वर्षांपूर्वीही तो खरंच बोलला असणार. म्हणजे हर्षदनंच... मी तो विचार तिथंच सोडला. मला स्वतःची शरम वाटली. मी 'नाही'वर खूण केली आणि खाली लिहिलं: 'मडावी यांचा दोष नाही. त्यांना अडकवण्यासाठी मी स्वतःहून खांबाआड गेले. आमच्यात मेळ नाही, वैर आहे.'

संध्याकाळी ताम्हाणे मॅडमनी बोलावलं. चष्मा काढून त्या डोळे चोळत होत्या.

"हे काय लिहून बसलात, विरकर? वैर असतं तर आकडा खाली असता. विज्ञान विभागाकडून एक टिपण आलंय खरं, की वैरातही आकडा चढत असावा. पण नियम अजून बदललेला नाही." त्यांनी दुसरा कागद पुढं सरकवला. "समोरच्याचं विधान आरोपीला दाखवावं लागतं. वाचा."

मडावीचं अक्षर सुबक होतं. 'होय'वर ठसठशीत खूण. खाली: 'विरकर यांनी मला भिंतीकडे तोंड करण्यास सांगितले. जुनी ओळख असल्याने मी विश्वास ठेवला.'

मला आधी हसूच आलं. कॅमेऱ्यात दिसणार होतं काय? मी गायब, आणि हात वर करून भिंतीकडे वळलेला तो. मोजणं माझ्या कानांसाठी होतं आणि वर केलेले हात कॅमेऱ्यासाठी. सातव्या सेकंदालाच त्यानं साक्षीची तयारी केली होती! आणि मी त्याच्या सरळपणावर चौदा वर्षं ओवाळून टाकली. मग हसू गेलं आणि दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. माझ्यावर जसं 'होय' लिहिलं...

"मॅडम, माझ्या भावाची फाईल काढा. हा माणूस तेव्हाही खोटं बोलला होता. आज मला पक्कं कळलं."

"तुमच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार आहे?"

"कोठारात दोघंच असतात, मॅडम!"

"मग मी काय करू?" त्या म्हणाल्या. बाई मनापासून विचारत होत्या, हे सगळ्यात वाईट. मेळांक शहाऐंशी, जोडीदाराशी संगनमत, बडतर्फ, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर मडावी दिसला. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"बाप मेला तेव्हा रडला होतास ना तू? हर्षदसमोर?"

त्यानं फाटकावरच्या पहारेकऱ्याकडं पाहिलं.

"बोल की रे! इथं भिंत नाही, कागद नाही."

"त्यानं पाह्यलं," मडावी दात आवळून म्हणाला. "पाहून गप राह्यला. मले रोज त्याच्यासमोर उभं राहा लागलं असतं. मग आकडा निघाला, एकसष्ट. कोणीतरी एक जाणारच होता. मी काहून जाऊ?" आणि आवाज चढवून पहारेकऱ्याला म्हणाला, "या बाईले बाहेर काढा. पास संपला हाय."

तिथून मी तडक आटपाडीला गेले. एस.टी. स्टँडमागं हर्षदचं सोलर पंप दुरुस्तीचं दुकान विचारत विचारत सापडलं. तो उन्हात उकिडवा बसून मोटार खोलत होता. केस पांढरे व्हायला लागले होते. अवघा तेहेतीस वर्षांचा माझा भाऊ.

"हर्षद."

त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"तू खरं बोलत होतास," मी म्हणाले. "तो रडत होता. तू काहीच सांगितलं नव्हतंस."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. माझ्यावरही त्यानं 'होय' लिहिलं. मला काढलं, हर्षद."

तो पाना घेऊन बराच वेळ एकच नट फिरवत राहिला. "म्हणजे तुझ्यावर आलं तेव्हा कळलं."

"हो."

"आणि त्याला पकडायला मागं होतीस म्हणालीस फोनवर, ती कशासाठी?"

"तुझ्यासाठी रे! त्याला खोटा पाडायचा म्हणून."

"नाही ताई. तो खोटा आहे का, ते तुला बघायचं होतं. माझ्या शब्दाला तुला दुसरा साक्षीदार पाहिजे होता. त्या कोठारात हे ठीक आहे. पण घरात?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पायावर डोकं ठेवू का?"

"नको." तो उठला, हात पुसले, मोटार गाडीवर बांधली. "दिघंचीला गिऱ्हाईक थांबलंय." गाडी सुरू केली आणि मागं न बघता गेला. त्यानं मला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. तासाभरानं शेजारच्या पिठाच्या गिरणीतली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"उन्हात बसलाय कधीच्या. कुणाकडं आलाय?"

"हर्षदकडं. मी त्याची बहीण."

बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहीतरीच," ती म्हणाली. "त्याला कुणी नाही. पाच वर्षं शेजारी आहे मी, त्यानंच सांगितलंय."